व्याही मुराळी झाले तेव्हा

जळगाव आणि धुळे हे दोन्ही जिल्हे पालथे घातले, तरी मानापमानाच्या बाबतीत माझ्या व्याह्यांची बरोबरी करील असा इसम सापडणार नाही, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहीत आहे. कलेक्टर कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून देणे हा माझा व्यवसाय. शाळा अर्ध्यावर सुटली असली, तरी ‘जबाबदारीने’ हा शब्द कोठे घालावा आणि कोठे टाळावा हे मला उत्तम कळते. व्याही मूळचे पारोळ्याचे. एस.टी.तून नियंत्रक म्हणून निवृत्त होऊन जळगावात स्थायिक झाले. त्यांना सगळे मुलगेच. त्यामुळे आयुष्यभर प्रत्येक लग्नमांडवात ते मुलाकडचे म्हणूनच उभे राहिले आणि पुढे पुढे मांडव नसला तरी तसेच उभे राहू लागले. माझ्या मुलीच्या लग्नात टॉवेल-टोपी त्यांच्याआधी त्यांच्या धाकट्या चुलतभावाला दिली गेली. व्याही तडक जाऊन वऱ्हाडाच्या जीपमध्ये बसले, काचा वर केल्या, आणि मी बँडवाल्यांसह जाऊन हात जोडले तेव्हा कोठे एक काच चार बोटे खाली आली. आमच्या घरी ते आले की चहाचा आग्रह तीनदा करावा लागतो. पहिल्यांदा “नको”, दुसऱ्यांदा “आत्ताच झाला”, आणि तिसऱ्यांदा ते फक्त कपाकडे पाहतात. एकदा दूध उतू गेल्याच्या गडबडीत माझ्या पत्नीकडून तिसरा आग्रह राहिला. व्याही चहा न घेता निघून गेले आणि संध्याकाळी आमच्या मुलीला म्हणाले, “सूनबाई, तुझ्या माहेरी साखरेची टंचाई आहे का?”

अशा माणसाच्या घरात विस्मरणाचा आजार शिरला. विहीणबाई आधी किल्ल्या विसरल्या, मग स्वयंपाक, मग मुले. अखेर एका सकाळी नवऱ्याकडे पाहून त्यांनी अगत्याने विचारले, “तुम्ही कोणाकडचे? मुलाकडचे की मुलीकडचे?” मी समोरच होतो. याहून कितीतरी लहान अपमानासाठी या गृहस्थांनी सख्ख्या मेव्हण्याशी बोलणे टाकले होते. व्याह्यांनी टोपी सारखी केली आणि अदबीने उत्तर दिले, “मुलाकडचा.” “मग बसा ना,” विहीणबाई म्हणाल्या, “उभे का?” आणि व्याही बसले.

गावात अशा वृद्धांना दिवसभर सांभाळणारे एक केंद्र आहे. लोक त्याला म्हाताऱ्यांची शाळा म्हणतात. व्याही विहीणबाईंना सकाळी तेथे पोचवीत आणि स्वतःही तेथेच बसून राहत. पुढे विहीणबाई वारल्या. तेरावा झाल्यावर दुसऱ्या दिवशी व्याही इस्त्रीचे धोतर नेसून नेहमीच्या वेळी केंद्रात हजर झाले. त्यांना कोणी बोलावले नव्हते, आणि बोलावल्याविना ते कोठे गेल्याचे माझ्या माहितीतले हे पहिलेच उदाहरण. तेथील कोणालाही ते कालचे आठवत नसत. रोज नव्याने “कोण गाव? कोणाचे?” अशी चौकशी होई आणि ते रोज नव्याने उत्तर देत. मात्र मानपान त्यांनी तेथेही सोडले नाही. रामराम वयाच्या क्रमाने होत असे. जेवणाचा आग्रह प्रत्येकाला तीनदा होत असे. घास चावून गिळायचा असतो हे विसरलेले एक नाना तिसऱ्या आग्रहाला हटकून तोंड उघडीत. मी एकदा भेटायला गेलो असता ते पाहून व्याही माझ्याकडे वळून म्हणाले, “पाहिलंत? रीत माहीत असलेला माणूस.” मला मात्र त्या दालनात फार वेळ बसवत नसे. खिडकीकडे तोंड करून बसलेली ती माणसे पाहिली की जीव घुसमटून जाई.

तेथे शिंदखेड्याकडचे माहेर असलेल्या एक अक्का होत्या. त्यांच्या मनात बारमाही आखाजी चालू असे. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी जातात, आणि त्यांना न्यायला माहेरचा मुराळी यावा लागतो. मुराळी म्हणजे बहुधा भाऊच. अक्का फाटकाशी बसून एकट्या आपलाच भाऊ न आल्याची तक्रार करीत, “बठ्ठ्या पोरी गयात, मनाच भाऊ नई उना.” ताट पुढे केले की सरकवून देत. “भाऊ ई तव्हय जेवसू.” भाऊ जाऊन कितीतरी वर्षे झाली होती. केंद्रातल्या ताईंनी एकदा ते हळुवारपणे सांगून पाहिले. अक्कांनी असा टाहो फोडला की सारे दालन रडू लागले. दुपारपर्यंत त्या रडणे विसरल्या आणि पुन्हा फाटकाशी जाऊन बसल्या. अक्कांच्या मुलाने घरी सांगितले, तेथेही तेच. अक्का वाळत चालल्या. डॉक्टर म्हणाले, पोटात अन्न गेले नाही तर फार दिवस काढणार नाहीत.

“एकच भाऊ रोज मारता का?” व्याही ताईंवर कडाडले. “मुराळी जाईल. मी जातो.”

पण व्याही जाणार म्हणजे रीतसर जाणार. मुराळी रिकाम्या हाताने जात नाही, म्हणून सांजोऱ्यांचा डबा आला. मुराळी सासऱ्याची परवानगी घेतो, म्हणून मला कोट घालून खुर्चीत बसविण्यात आले. व्याही फाटकातून आले, माझ्यासमोर वाकले आणि हात जोडून म्हणाले, “आबा, बहिनले चार दिन धाडा.” मुलगी दिल्यापासून हा माणूस माझ्यापुढे प्रथमच वाकत होता. मी घसा साफ करून म्हणालो, “सुनेस माहेरी पाठविण्यास आमची हरकत नाही. परंतु परत वेळेवर पोचवावी. गेल्या खेपेस उशीर झाला होता.” व्याह्यांनी वाकल्या वाकल्याच माझ्याकडे असे पाहिले की पुढची वाक्ये मी गिळली.

अक्कांनी डोळ्यांवर हात धरून त्यांना न्याहाळले. मग त्यांच्या दंडावर एक चापट मारली. “इतला उशीर काब्र कया रे भाऊ?”

“एस.टी. चुकनी,” निवृत्त नियंत्रक म्हणाले.

रिक्षाने त्यांना तलावाला एक फेरी घालून आणले आणि केंद्राच्याच मागच्या दाराने आत घेतले. तेथे निंबाला आखाजीचा झोका बांधलेला होता. तो पाहून अक्का पदर सावरून उतरल्या. सकाळी जे सासर होते तेच दुपारी माहेर झाले. त्या आमरस-पोळी जेवल्या, आणि व्याही शेजारी बसून रस वाढीत राहिले.

त्यानंतर रोज तेच. पण माहेरी आलेल्या मुलीला परत जावे लागते, हे आम्हा दोघा शहाण्यांच्या ध्यानात आले नव्हते. संध्याकाळी मुलगा न्यायला आला की अक्का व्याह्यांची बाही धरीत. “आजच सासरले धाडस का रे भाऊ?” मुलगा खाली मान घालून उभा राही. एकदा तो म्हणाला, “काका, ती जेवते हे तुमचे उपकार. पण माझं घर तिला सासर झालं.” व्याह्यांनी अक्कांची बोटे एकेक करून सोडविली आणि रीतीप्रमाणे ओटीत मूठभर तांदूळ घातले. अक्का गेल्यावर ते निंबाच्या पारावर जाऊन बसले. मीही बसलो.

थंडीत अक्का गेल्या. सुवासिनी असो वा विधवा, आमच्याकडे बाईच्या अंगावर शेवटचे लुगडे माहेरचे पडते. व्याही सकाळीच माझ्याकडे आले, बगलेत कागदात गुंडाळलेले हिरव्या काठाचे लुगडे. आम्ही अक्कांच्या घरी पोचलो. दारात त्यांच्या सासरच्या भाऊबंदांतले एक वृद्ध उभे होते. त्यांनी व्याह्यांना आपादमस्तक न्याहाळले आणि विचारले, “तुम्ही कोणाकडचे?”

मी पुढे होऊन खुलासा करणार होतो. तोंडी निवेदन मी चांगले करतो. पण व्याह्यांनी मला हाताने मागे सारले. टोपी काढून हातात घेतली, मान खाली घातली.

“मुलीकडचा,” ते म्हणाले.

वृद्ध म्हणाले, तिकडे आता कोणी उरलेले नाही. जीप नव्हती, काचा नव्हत्या. लोक आजूबाजूने आत-बाहेर करीत होते आणि व्याही उंबऱ्याबाहेर लुगडे घेऊन उभे होते. मुलगी दिलेला बाप जसा उभा राहतो तसे. ते उभे राहणे मला चांगले ओळखीचे आहे.

आतून मुलगा आला. “मामा, या,” तो म्हणाला. “तुमच्यासाठीच थांबलोय.”

स्मशानातून व्याही माझ्याबरोबर आमच्या घरी आले. आंघोळ केली. त्यांच्यासाठी राखलेल्या खुर्चीत न बसता भिंतीला टेकून सतरंजीवर बसले. माझी पत्नी दारात आली, पण आग्रह करण्याचे तिला धैर्य होईना.

“विहीणबाई,” व्याही म्हणाले, “थोडा चहा टाकता का?”