दरवाजे नसल्याचा कागद

लग्न होऊन मी शिरूर अनंतपाळजवळच्या गावी आले, तेव्हा आमच्या वस्तीत गाडी एकच होती, ती यांची जीप. नांदेडला सरकारी लिलावात घेतलेली. हे दिवसातून दोन खेपा करून माणसं लातूरला नेत, आणत. धाकटी नणंद तेव्हा सतरा-अठराची. जीप पुसायचं काम तिनं आपणहून घेतलं होतं. पुसता पुसता आरशात बघून वेणी घालायची आणि हे हॉर्न वाजवेपर्यंत हलायची नाही.

त्या साली पाऊस झालाच नाही. होळीच्या आधीच विहिरी आटल्या. दूरच्या एका बोअरला थोडं पाणी होतं, तिथून हे रोज सकाळी जीपमधून वस्तीचे हंडे आणू लागले. जीपचे पत्र्याचे दरवाजे गंजलेले. ते मधेच अडकत, हंडा चढवताना बायकांच्या हाताला कापत. एका बाईचा तळहात उभा चिरला, तेव्हा यांनी पाना घेतला, दोन्ही दरवाजे काढले आणि गोठ्यामागं नेऊन टेकवले. कुणाला त्यात काही विशेष वाटलं नाही.

जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. लातूर आता जिल्ह्याचं गाव. नवे साहेब आले, नवे बोर्ड लागले, आणि शहराच्या अलीकडं पोलीस गाड्या अडवू लागले. एकदा मी सोबत होते, सासूबाईंचे डोळे दाखवायला निघालो होतो. फौजदारानं हात केला. कागद बघितले, गाडीभोवती एक चक्कर मारली.

“दरवाजे कुठायत?”

“काढून ठेवलेत साहेब. पाणी भरताना अडचण होती.”

“असं कसं काढलं? बेकायदा हाय हे.”

“कोन्त्या कायद्यात लिवलंय साहेब? तेवढं दाखवा, मी आत्ता जाऊन बसवतो.”

हे आवाज चढवून बोलले नव्हते. आमच्या सासऱ्यांनी पोरांना एवढंच शिकवलं होतं, की कुणी नियम सांगितला तर कागद मागायचा. पण मागं बसलेल्यांपैकी कुणीतरी हसलं, आणि फौजदाराचा चेहरा बदलला.

“तू मला कायदा शिकवतोस का?”

जीप ठाण्याच्या आवारात गेली. सासूबाईंचा हात धरून मी उन्हात दवाखान्यापर्यंत चालत गेले.

मग यांचे हेलपाटे सुरू झाले. लातूरच्या कचेरीत विचारलं तर सांगत, तुमच्या गाडीची नोंद अजून जुन्या जिल्ह्यातच आहे. तिथं गेलं तर म्हणत, गठ्ठे बांधून ठेवलेत, लातूरला विचारा. वस्तीचं पाणी पुन्हा डोक्यावर आलं. मी, नणंद, सगळ्या बायका पहाटेपासून बोअरवर रांगेत. मी यांना म्हटलं, “अहो, दरवाजे बसवा आणि सोडवून आणा. कशाला अंगावर घेता?”

“बसवले म्हंजे मी चुकलो असं व्हतंय. मी चुकलो न्हाई.”

लातूरच्या एका वकिलानं शेवटी समजावून सांगितलं. दरवाजे पाहिजेतच असा शब्द आपल्याला काही सापडला नाही, पण गाडी पुस्तकात जशी नोंदली आहे तशीच ठेवावी लागते, तेव्हा आधी मूळ नोंद काढा. ती निघाली दिवाळीच्या सुमारास. तिच्यात लिहिलं होतं, उघडी गाडी, वर कापडी टप. म्हणजे दरवाजे मुळात नव्हतेच, मधल्या कुणीतरी बसवले होते. हे जे करत होते तेच बरोबर ठरलं.

जीप सुटून आली त्या दिवशी नणंदेनं तिला हळदकुंकू लावलं. यांनी त्या नोंदीची शिक्क्याची नक्कल काढून आणली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि ती वरच्या खिशात ठेवू लागले. कुणी अडवलं की न बोलता पुढं करायची. पोलीस वाचायचा, परत द्यायचा, हात हलवून जा म्हणायचा. खोटं कशाला सांगू, मलाही तेव्हा लई बरं वाटायचं. दरवाजे बसवा हे मी पुन्हा म्हटलं नाही.

दुसऱ्या सालीही पाऊस नव्हता. रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला बायका जात, हे त्यांना सोडत. त्या दिवशी पुढं यांच्या शेजारी मी, आणि कडेला नणंद, मांडीवर पाण्याची कळशी घेऊन. तिचं उदगीरकडं जमलं होतं, त्यावरून मागच्या बायका तिला चिडवत होत्या. वळणावर समोरून पाण्याचा टँकर मधूनच आला. यांनी जीप बाजूला ओढली. माझ्या दंडाला लागलेला तिचा खांदा एकदम नाहीसा झाला. ती ओरडलीसुद्धा नाही. कळशी तेवढी वाजत गेली.

नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचला, पण कमरेखाली जाणीव उरली नाही.

पंचनाम्याला तोच फौजदार आला. त्याचाही चेहरा उतरला होता. त्यानं टँकर लिहिला, वळण लिहिलं. हे त्याच्यासमोर उभे होते.

“साहेब, दरवाजे नव्हते ते लिवा.”

“ते लिहून काय उपयोग? तुझ्या नोंदीतच दरवाजे नाहीत. त्याचा गुन्हा होत नाही.”

“लिवा ना साहेब. दरवाजा आसता तर पडली नसती. माझ्यावर लिवा.”

फौजदारानं पेन बंद केलं, यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेला. त्यानं दुसरं काहीही केलं असतं तरी यांना सोसलं असतं, असं मला वाटतं.

उदगीरहून महिन्याभरानं निरोप आला, आता जमणार नाही. जीप धर्माबादच्या एकानं विकत नेली. आम्ही लातूरला एका खोलीत राहायला आलो, हे डाळमिलमध्ये पोती उचलू लागले. नणंदेची खाट खिडकीपाशी लावली. पुन्हा पाऊस पडला, साल सुधारलं, आमच्या खोलीत त्यानं काही फरक पडला नाही. हे सकाळी तिला उचलून बसवत, तिची वेणी मी घालत असे. दोघं बहीणभाऊ एकमेकांशी जेवणाखाणापलीकडं बोलत नसत. रागावली असती तर बरं, पण तिच्या मनात राग नव्हता.

एकदा मी तिचं अंग पुसत होते, तेव्हा तिनं विचारलं, “वहिनी, मी कळशी सोडून गाडी धरायला पायजे होती का वो?”

“न्हाई गं,” मी म्हणाले. “तुझं काही चुकलं न्हाई.”

हे तेव्हाच मिलमधून आले होते, उंबऱ्यात उभे होते. त्यांनी ऐकलं. चपला काढलेल्या होत्या, त्या परत घातल्या आणि गल्लीत निघून गेले. मी तिची कूस बदलली. दिवसातून सहा वेळा ती बदलावी लागे.