खणाची कुंची

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. हॅनाला नाही, बाबांना नाही – आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. समोरासमोर बसून सांगायला लागले असते तर दुसऱ्या वाक्यालाच मी विषय बदलला असता, हे मला माहीत आहे.

आधी घरचं सांगते. आम्ही इंग्लंडमधल्या लेस्टरचे. बाबा बस चालवतात. आई होजिअरी फॅक्टरीत ओव्हरलॉक मशीनवर होती, फॅक्टरी बंद पडेपर्यंत. आमच्या घरातून युनिव्हर्सिटीत गेलेली मी पहिली. साउथहॅम्प्टनला धर्मांचा अभ्यास घेतला, तेव्हा बाबा म्हणाले, "म्हणजे शिकून भटजी होणार का तू?" आणि स्वतःच हसले. पण दुसऱ्या दिवशी डेपोत सगळ्यांना सांगून आले.

माझ्याआधी एक मुलगा होता. आठव्या महिन्यात पोटातच गेला. त्या काळी या देशात असं बाळ आईला दाखवतही नसत. बाबांनी एका इंग्रजी कागदावर सही केली. त्यात काय लिहिलं होतं ते त्यांना धड कळलं नाही, आणि बाळाला कुठे पुरलं ते पुढे कधीच समजलं नाही. आईकडे राहिली फक्त एक कुंची. हिरव्या खणाची, आतून मऊ मलमल लावलेली, गरोदर असताना तिनं हातानं शिवलेली. मी झाले तेव्हा मला दुसरी शिवली. ही त्याची होती. वर्षातून एकदा, त्या तारखेला, आई ती कपाटातून काढायची, खिडकीपाशी धरून उभी राहायची आणि घडी घालून परत ठेवायची. त्या दिवशी घरात रेडिओ लागत नसे.

दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात आमच्या डिपार्टमेंटची जपानला ट्रिप ठरली. उत्तरेकडे तीन पवित्र डोंगर आहेत, शेकडो वर्षं लोक तिथे यात्रेला जातात. मी अर्जात निसर्ग, अध्यात्म असं बरंच काही लिहिलं, आणि माझी निवड झाली. ईस्टरच्या सुट्टीत किचनमध्ये बसून आईला माहितीपुस्तक मराठीत सांगत होते – मेलेल्यांचे आत्मे त्या डोंगरांवर जातात असं तिथले लोक मानतात. जन्माआधी गेलेल्या बाळांना सांभाळणारा एक देव आहे, त्याच्या दगडी मूर्ती असतात; बाळांना थंडी वाजू नये म्हणून आया त्या मूर्तींना टोपडी घालतात.

आईचं लाटणं थांबलं.

"कुणाचंही बाळ चालतं?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, चालत असेल.

निघायच्या दिवशी तिनं कुंची स्वच्छ रुमालात बांधून माझ्या हातात दिली. "बंद सैल बांध गं. गळ्याला काचेल."

आता इथून पुढे लिहायला जड जातंय. तरी लिहिते.

पहिल्या मुक्कामी, यात्रेकरूंच्या घरात, आम्ही मुली चटईवर बॅगा उघडून बसलो होतो. हॅनानं रुमालातलं हिरवं कापड पाहिलं. ही माझी युनिव्हर्सिटीतली सगळ्यात जवळची मैत्रीण – चांगली मुलगी, कुणाला हसणारी नव्हे. तिनं विचारलं, "किती गोड! कुणाचं गं हे?" मी म्हटलं, मावसबहिणीच्या बाळासाठी विकत घेतलंय. का म्हटलं? त्याच टर्ममध्ये सेमिनारला मी म्हणाले होते की अशा वस्तू म्हणजे दुःखाला वळण लावायची समाजाची एक पद्धत असते. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. सर म्हणाले होते, "छान मांडलंस." त्या दिवसापासून मी त्यांच्यातली झाले होते, असं मला वाटत होतं. आणि आता सांगायचं होतं, की ती वस्तू माझ्या बॅगेत आहे?

दुसऱ्या दिवशी आम्ही पहिल्या डोंगरावर, देवदारांसारख्या उंचच उंच झाडांमधून दगडी पायऱ्या चढलो. दोन हजारांवर पायऱ्या, शेवाळलेल्या. वर त्या मूर्ती रांगेनं उभ्या होत्या – गुडघ्याएवढ्या, गळ्यात लाल लाळेरी, शेजारी कागदी भिंगऱ्या वाऱ्यावर फिरत होत्या. एक म्हातारी बाई एका मूर्तीला विणलेली टोपी घालत होती. आमच्या अख्ख्या ग्रुपसमोर. तिला आमचं काही नव्हतं. टोपी घातली, कानांवर ओढली, गालावरून हात फिरवला आणि गेली.

मी चार पावलांवर उभी होते. हात बॅगेत होता, रुमालाची गाठ बोटांना लागत होती. आणि मी काय केलं? वही काढली. लिहिलं – वृद्ध स्त्री, निळी टोपी, एकटी. ते वर्णन पुढे माझ्या निबंधात आलं. त्याला चांगले मार्क मिळाले.

संध्याकाळी वेळ होता. एकटी परत वर जाऊ शकले असते, रस्ता माहीत होता. नाही गेले. सगळ्यांबरोबर गरम पाण्याच्या कुंडात बसले आणि हॅनाच्या गोष्टींवर हसले.

तिसरा डोंगर वेगळा. तिथे अनवाणी जायचं असतं, आणि जुना नियम आहे – आत जे पाहिलं ते कुणाला सांगायचं नाही, दुसऱ्यानं विचारायचंही नाही. तो नियम मी नीट लक्षात ठेवला.

परतल्यावर मी आधी साउथहॅम्प्टनच्या खोलीवर गेले. आई माझी बॅग नेहमी स्वतः रिकामी करते, कपडे धुवायला म्हणून. म्हणजे कुंची घरी नेता येणार नव्हती. दोन दिवस ती टेबलावर होती. तिसऱ्या दिवशी मी ती जुन्या जीन्सबरोबर पिशवीत घातली आणि बसस्टॉपसमोरच्या, दान आलेल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या चॅरिटी शॉपमध्ये दिली. काउंटरवरच्या बाईंनी ती उलगडून वर धरली. "फॅन्सी ड्रेसचं आहे का, लव्ह? बाहुलीला छान होईल!" मी हो म्हटलं. टर्म सुरू झाल्यावर वर्षभर मी रोज त्या दुकानासमोरून बस पकडली. एकदाही आत गेले नाही.

हे झालं. पण जे सांगायला बसले ते हे नाही.

घरी गेले तेव्हा आईनं दारातच विचारलं, "घातलीस?" मी म्हटलं, हो. मग जेवताना – मूर्ती कशी होती गं? तोंड कसं होतं? बरोबर झाली का त्याला? आणि मी म्हटलं, "आई, तिथला नियम आहे. पाहिलेलं सांगायचं नसतं. विचारायचंही नसतं."

नियम मूर्ती असलेल्या डोंगराचा नव्हताच, तिसऱ्याचा होता. पण असता तरी काय?

आईनं हातातला घास ताटात ठेवला आणि स्वतःच्या गालांवर हळूच मारून घेतलं, देवासमोर चुकल्यावर मारतात तसं. "मग नको सांगूस, बाई. चुकले मी. तिथलं तिथंच राहू दे."

तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. त्या वर्षी त्या तारखेला तिनं शिरा केला. रेडिओ चालू होता. बाबांना म्हणाली, "आता त्याला थंडी वाजत नसेल." बाबांनी दुसरी वाटी मागून घेतली.

याला आता तीन वर्षं झाली. मी एम.ए. करतेय. गेल्या महिन्यात घरी गेले, तर आईबरोबर सुलभामावशी बसल्या होत्या – आईच्या फॅक्टरीतल्या मैत्रीण. त्यांची मुलगी जन्मतःच गेली होती. मला हे माहीतही नव्हतं. त्या म्हणाल्या, "तुझ्या आईचं मन शांत झालेलं मी पाहिलंय गं. माझं जाणं काही होणार नाही. तू उभी होतीस तिथे. एवढंच सांग, जागा चांगली आहे ना?"

आई मधेच म्हणाली, "अगं सुलभा, विचारू नये. तिला सांगता येत नाही."

सुलभामावशी "बरं बाई, बरं" म्हणाल्या. मग त्यांनी माझे दोन्ही हात ओढून घेतले आणि आपल्या डोळ्यांना लावले, एकदा उजवा, एकदा डावा.

मी लावू दिले.