शिशाचा एप्रन

मुतखड्याने त्या आठवड्यात मला ब्रह्मांड आठवलं होतं. ताप उतरेना, मूत्रपिंड सुजलेलं. डोंबिवलीच्या डॉक्टरांनी ठाण्याला धाडलं. नव्वदनंतर तिथे नवीनच सोय झाली होती. पोट फाडायचं नाही, पाठीला छोटंसं भोक पाडून दुर्बिणीने खडा काढायचा. सासूबाईंनी बिल्डिंगमध्ये "किरकोळच आहे हो" असं सांगूनही टाकलं.

किरकोळ कसलं! मला दिवस गेले होते. आधी दोनदा गर्भ टिकला नव्हता आणि दोन्ही वेळा सासूबाईंनी हौसेने बातमी सगळीकडे केली होती. आता दुधाने तोंड पोळलेलं. तिसरा महिना सरेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही, दृष्ट लागते, अशी ताकीद. दाखल करताना नर्सने पाळीचं विचारलं, तर मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "अगदी वेळेवर येते." मीही मूग गिळले. दृष्टीला मी काही कमी भीत नव्हते.

ऑपरेशनच्या खोलीत बघते तर सगळ्यांच्या अंगावर जाडजूड एप्रन.

"हे कशाला?" मी नर्सला विचारलं.

"शिशाचे आहेत, ताई. सुई आत कुठे चाललीय ते डॉक्टर एक्स-रेवर बघतात ना. आमचं रोजचंच, म्हणून जपायचं."

"आणि मी?"

"तुमचं काय, एकदाच तर आहे!"

भूल द्यायची तयारी चालली होती. एकदा डोळे मिटले की सांगणार कोण? बोलावं तर दृष्ट, न बोलावं तर एक्स-रे. मी जवळजवळ किंचाळलेच, "थांबा! मला दिवस गेलेत!"

"अहो, हे आधी नाही का सांगायचं?" डॉक्टर चिडलेच. मग त्यांनी एक्स-रेचं यंत्र बाजूला करायला लावलं. "खडा राहू दे, बाळंतपणानंतर काढू. पण आत तुंबलंय ते आजच बाहेर यायला हवं. सोनोग्राफीवर बघून नळी घालतो. त्यात एक्स-रे नसतो."

पाठ तेवढी बधिर केली. मी कुशीवर, टक्क जागी. "मी सांगेन तेव्हा श्वास धरा. हलू नका." सुई आत शिरताना दाब कळत होता. हिला वाट नाही सापडली तर, एवढंच डोक्यात. मग नळीतून गढूळ लघवी वाहायला लागली आणि डॉक्टरांनीही श्वास सोडला.

त्यांनी मला उताणं केलं नि तेच सोनोग्राफीचं यंत्र ओटीपोटावर टेकवलं. मागच्या खेपेला अशाच यंत्रापाशी एक डॉक्टर गप्प झाले होते आणि मग म्हणाले होते, "मिस्टरांना आत बोलवा." हेही गप्पच होते. मी देवाचं नावसुद्धा घेऊ शकले नाही.

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी लुकलुकत होतं.

"ठोके आहेत," ते म्हणाले. "आता घाबरू नका."

मला हायसं वाटायला हवं होतं. पण मी आधीपेक्षा जास्त घाबरले, कारण आता मी त्याला पाहिलं होतं.