अक्कानं गाणं उचललं, तरच चालणारी डिस्क

आधीच सांगते, भूतबीत, भासबीस असल्या भानगडीत मी कधी पडले नाही. जळगावला पिंप्राळ्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. "मॅडम, मशीनला नजर लागली" म्हणत लोक येतात आणि आत निघते धूळ, नाहीतर ढिली केबल. त्यामुळे हे लिहिताना माझा मलाच राग येतोय... पण घडलं ते घडलं.

अक्का माझी मावशी. माहेर मुक्ताईनगर, सासर नरडाण्याजवळचं खेडं. नवी नवरी म्हणून गेली तेव्हा तिला तिकडचं एकही गाणं येत नव्हतं. थोरल्या जावेनं, जिजीनं, तिला शिकवायची वेगळीच रीत काढली — हळदीच्या गाण्यात पहिली ओळ अक्कानं उचलायची, पुढची जिजी झेलणार. अक्का घाबरली की मागे मी आहे असा धीर देत जिजी म्हणायची, "तू उचल माय, मी शे ना मांगे." दोघी म्हाताऱ्या झाल्या तरी तीच पद्धत राहिली.

गेल्या वर्षी जिजी गेली आणि अक्काचं गाणंच बंद झालं. त्यात नातीची हळद तोंडावर आली. घरात ती गाणी येणारी आता एकटी अक्का. ती एक दिवस एसटीनं थेट माझ्या दुकानात आली. पिशवीत जुन्या लग्नाच्या शूटिंगची डिस्क, त्यात दोघींचं गाणं.

"बठ्ठं इसरी गऊ मी," म्हणाली. एकही ओळ आठवत नव्हती तिला. "तिचा आवाज ऐकला तर आठवेल."

डिस्क काही चालेना. लेन्स साफ केली. डिस्क मऊ कापडानं मधून कडेकडे पुसली (गोल गोल पुसू नका हो, किती वेळा सांगायचं!). ड्राइव्ह बदलला, मग आणखी एक बदलला. बाकीच्या डिस्क मजेत चालत होत्या, हीच तेवढी नाही. अशा जुन्या डिस्कचा आतला थर विटतो, मग लेझरला काही दिसत नाही. मी अक्काला सांगून टाकलं, की हिच्यात आता काही उरलेलं नाही.

कोणतं गाणं होतं ते मला सांगावं म्हणून अक्कानं फाटक्या आवाजात पहिली ओळ म्हटली. तोपर्यंत नुसता कटकट करणारा ड्राइव्ह एकदम वेगात फिरला — आणि स्पीकरमधून जिजीची दुसरी ओळ आली.

योगायोग, दुसरं काय! मी डिस्क काढून पुन्हा घातली. बंद. अक्कानं ओळ उचलली की चालू, नाही उचलली की बंद. मोबाईलवर अक्काचा आवाज रेकॉर्ड करून ऐकवला, उपयोग नाही. शेवटी मी स्वतः गाऊन पाहिलं, तर ड्राइव्हनं डिस्क सरळ बाहेर ढकलली. त्याचा मला अजून अपमान वाटतो. कॉपी करायला गेले की दर वेळी एरर.

दुपारभर दोघी गात बसल्या. हो, दोघीच म्हणते मी. एकेक ओळ अक्काला आठवत गेली. ती मध्येच हसायची, मध्येच डोळे पुसायची, आणि मी गिऱ्हाइकांना उद्या या म्हणून परत पाठवत होते.

हळदीला मी लॅपटॉप आणि बाहेरून जोडायचा ड्राइव्ह घेऊन गेले. बायका जमल्या. अक्कानं पहिली ओळ उचलली. डिस्क गप्प. पुन्हा उचलली. गप्पच. अक्कानं सवयीनं मागे वळून पाहिलं. मागे तिची धाकटी सून हळदीची वाटी घेऊन उभी होती... जळगावची पोरगी, यातलं काहीएक न येणारी.

अक्का तिच्याकडे बघत राहिली. मग तिला हाताला धरून पुढे बसवलं, कानात पहिली ओळ सांगितली आणि म्हणाली, "तू उचल माय, मी शे ना मांगे."

सुनेनं कशीबशी ओळ म्हटली. पुढची अक्कानं झेलली, अशी की अंगणातल्या बायका बोलायच्या थांबल्या. मी लॅपटॉप बंद केला आणि मनसोक्त रडले.

त्यानंतर ती डिस्क कधीच चालली नाही, अक्का गायली तरीसुद्धा. अजून एक लेन्स बदलून बघते, असं मी अक्काला म्हटलं, तर तिनं डिस्क माझ्या हातातून काढून घेतली.

"राहू दे. आते जिजीले जराशी बसू दे."

इतकी वर्षं ड्राइव्ह उघडतेय मी. यात नेमका बिघाड कशात होता, मला आजही सांगता येणार नाही.