तेलात बुडवलेला कॉम्प्युटर

कॉम्प्युटर तेलात बुडवायची अक्कल माझी होती, हे माझा चुलतभाऊ आजही कुणालाही सांगेल. तेवढं खरं आहे. पुढं त्यानं जे सांगितलं ते सगळं खोटं होतं, आणि गावानं तेच खरं धरलं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. नारायणगावात हार्डवेअरचा कोर्स करून मी राजुरीच्या पलीकडं आमच्या गावी परत आलो होतो आणि घराच्या पडवीत लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करत होतो. पडवीवर पत्रा. उन्हाळा लागला की आत बसवत नसे. माझा स्वतःचा कॉम्प्युटर मी सुट्या भागांतून जोडला होता आणि त्याचा प्रोसेसर ठरवून दिलेल्या वेगापेक्षा बराच जास्त पळवत होतो. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. गेम झकास चालायचे, पण यंत्र तापायचं आणि डाव रंगात आला की हमखास बंद पडायचं. चुलतभाऊ शेजारी असायचाच. माऊस माझ्या हातात, कीबोर्ड त्याच्या. मी नेम धरायचो, तो पळायचा. यंत्र बंद पडलं की शिव्या मात्र मला एकट्याला.

मी त्याला दादा म्हणायचो. माझ्याहून थोडा मोठा, दुधाची पिकअप चालवायचा. आमची घरं एका भिंतीची, विहीर सामाईक, आणि लहानपणापासून माराचे वाटेही आम्ही दोघांनी सारखेच खाल्लेले. हात असा की बिघडलेली कुठलीही वस्तू त्याच्यापुढं ठेवावी. डोकं माझं आणि हात त्याचा, असं आम्हीच एकमेकांना सांगायचो. मला सख्खा भाऊ नाही याची कधी आठवणही झाली नव्हती.

आळेफाट्याच्या सायबर कॅफेत एकदा मला एक फोटो दिसला. परदेशातल्या कुणीतरी अख्खा कॉम्प्युटर तेलात बुडवला होता आणि तो चालू होता. तेलातून वीज जात नाही, पण उष्णता जाते. पंख्याच्या वाऱ्यापेक्षा तेल कितीतरी जास्त गारवा देतं. दादाला फोटो दाखवला तेव्हा तो आधी हसला आणि मग गप्प झाला. तो गप्प झाला म्हणजे काम सुरू झालं असं समजायचं.

पहिला प्रयोग आईच्या डब्यातल्या शेंगतेलावर. जुना मदरबोर्ड पातेल्यात उभा केला, वर तेल ओतलं आणि बटण दाबलं. चालू झाला! आम्ही पडवीत नाचलो. पण दुसऱ्या दिवशी घरभर भज्यांचा वास आणि पातेल्याला मुंग्यांची रांग. आई म्हणाली, "आता कांदा बी चिरून सोडा त्यात." शिवाय खायचं तेल काही दिवसांत खवट होतं. वाचून कळलं की यासाठी ट्रान्सफॉर्मरमधलं तेल उत्तम. पातळ, स्वच्छ, खराब न होणारं.

"तेलाचं माझ्याकडं लागलं," दादा म्हणाला.

मग आम्ही झपाटल्यासारखे कामाला लागलो. मंचरहून माशांसाठीची काचेची टाकी आणली. मदरबोर्ड तिच्यात उभा टांगला. हार्डडिस्कला श्वासाचं भोक असतं, तेल आत शिरलं की ती मेलीच, म्हणून ती बाहेर ठेवली. तेल खेळवायला कूलरमधला छोटा पंप. गरम झालेलं तेल गार करायचं कुठं, हा खरा प्रश्न होता. तो दादानं सोडवला. भंगारातल्या फ्रीजची तांब्याची नळी त्यानं वेटोळी करून झाळली, खिडकीतून बाहेर काढली आणि अंगणातल्या गुरांच्या हौदात सोडली. हौदात विहिरीचं पाणी, गारेगार. म्हैस त्या वेटोळ्याला हुंगायची आणि तोंड बाजूला करून पाणी प्यायची.

दादानं एका संध्याकाळी दोन कॅन भरून तेल आणलं. मंचरला एक जण जुने ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करतो, त्याच्याकडचं गाळलेलं तेल आहे, असं म्हणाला. मी झाकण उघडून पाहिलं. फिक्कं पिवळं, काचेसारखं. मी दादाची पाठ थोपटली. आणखी काय विचारायचं असतं भावाला?

टाकी भरली. पंखे तेलात सुस्तावल्यासारखे फिरत होते आणि आतले दिवे पिवळसर दिसत होते. वीज होती तोवर आम्ही सलग खेळलो. यंत्र एकदाही बंद पडलं नाही. तेल वायरीच्या आतून वर चढून कीबोर्डवर ठिबकायचं, तेवढी एक कटकट होती. दादानं वायरींना वळसे देऊन तीही मिटवली. मी इतका खूश क्वचितच झालो असेन.

आठवडाभर गाव बघायला येत होतं. जो येईल त्याला मी टाकीत बोट बुडवायला लावायचो आणि छाती फुगवून सांगायचो, "साधंसुधं न्हाई, डीपीतलं तेल हाये." शेतातल्या ट्रान्सफॉर्मरला आमच्याकडं डीपी म्हणतात. दादा शेजारी बसून मान डोलवायचा. आता आठवतं, तो त्या वेळी हसत नसे.

मग ओढ्यापलीकडच्या शिवारातली डीपी जळाली. लोडशेडिंगचे दिवस, वीज आली की सगळ्यांच्या पाण्याच्या मोटारी एकदम सुरू व्हायच्या. त्या दुपारी मोठा आवाज झाला आणि धूर निघाला. वायरमननं खांबावर चढून पाहिलं तर तेल सोडायचा खालचा कॉक ढिला आणि आतलं तेल निम्म्याहून खाली गेलेलं. कुणीतरी काढून नेलं होतं. नवी डीपी कधी येईल ते कुणालाच सांगता येईना, आणि त्या शिवारात टोमॅटो तोडणीला आलेले. ओढ्याच्या अलीकडची आमची डीपी शाबूत. आमच्या विहिरीवरची मोटार छान चालत होती.

गावात तेल कुणाच्या घरात आहे हे शोधावं लागलं नाही. मी स्वतःच सगळ्यांची बोटं त्यात बुडवली होती.

मारुतीच्या देवळात बैठक बसली. मला भीती अशी वाटलीच नाही. उलट राग आला होता. मंचरच्या माणसाचं नाव घ्यायचं, हवं तर त्याला फोन लावायचा, की मिटलं. दादा समोरच खांबाला टेकून बसला होता आणि माझे वडील त्याच्या शेजारी. चुलते घरीच थांबले होते. ज्यांचे टोमॅटो वाळत होते त्यांतला एक म्हातारा मला म्हणाला, "आरं, खेळायला पाणी तोडलंस व्हय आमचं?"

मी म्हणालो, "तेल मंचरवरनं आणलंय. दादाला विचारा."

सगळे दादाकडं वळले. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. म्हणाला, "म्या निस्त्या नळ्या जोडून दिल्या. तेल त्यानं कुठनं आणलं, मला काय ठाव? म्या म्हनलं व्हतं त्याला, कशाला ह्या भानगडी."

मला आधी वाटलं माझ्याच ऐकण्यात चूक झाली. मग सगळं एकदम समजलं: मंचरला कुणी नव्हताच, पिकअपमधली कॅन ओढ्यापलीकडून आली होती, आणि आपली डीपी सोडून शेजारची निवडण्याइतका तो शुद्धीवर होता. मी वडिलांकडं पाहिलं. पोरगं गुन्ह्यातलं नाही हे बापाला कळतं, ते आता उठतील, या भरवशावर मी थांबलो.

ते उठले. डोक्यावरची टोपी काढली आणि हात जोडले.

"पोरगं चुकलं," ते म्हणाले. "येवढ्या बारीला पोटात घाला. नवी डीपी येईस्तोवर आमच्या हिरीचं पानी घ्या, आमी आमच्या रानाला मागनं देतो."

बैठक तिथंच मऊ पडली. कुणीतरी म्हणालं, बाप सरळ माणूस आहे म्हणून, नाहीतर पोलिसात दिला असता. मी ओरडलो, "मी न्हाई केलं!" वडिलांनी माझा दंड धरला आणि इतका दाबला की मी गप्प झालो.

वाटेत मी त्यांना विचारलं, तुम्ही असं का बोललात? ते म्हणाले, "सकाळी आला व्हता माझ्याकडं. पाया पडून रडला. सगळं सांगितलं त्यानं." मला वाटलं रस्त्यात बसावं. ते पुढं म्हणाले, "त्याची सुपारी फुटलीया. चोर म्हनून नाव झालं तर पोरीकडचं लोक फिरत्याल. माझ्या भावाला त्वांड दावाय जागा ऱ्हायची न्हाई. तुझं लगीन लांब हाये. लोक इसरत्यात."

"आणि मी?"

"तू माझा हायेस," ते म्हणाले. यात सगळं आलं, असं त्यांना वाटत होतं.

बैठकीत तेल परत द्यायचं ठरलं होतं, म्हणजे निव्वळ लोकांच्या समाधानाला. धूळ बसलेलं ते तेल डीपीच्या काय कामाचं? चार माणसं अंगणात उभी असताना मी टाकी रिकामी केली. टाकी जड. दुसरी बाजू उचलायला दादा आला. मी म्हणालो, "हात लावू नको." तो लांब झाला आणि जमलेल्यांपैकी एक जण म्हणाला, चोरी करून वर माज बघा. मदरबोर्ड मी गोणपाटावर ठेवला. कितीही पुसला तरी तेलकटच राहिला आणि नंतर कधी चालू केला नाही. त्या दिवसापासून मी दादाशी बोललो नाही. त्याला त्याचं वाईट वाटलं असेलही. एकदा तो पडवीच्या दारात येऊन उभा राहिला होता, मी स्क्रूड्रायव्हर खाली न ठेवता पाठ फिरवली.

वैशाखात लग्न झालं. मी जाणार नव्हतो. आईनं हातापाया पडून नेलं. भारनियमनामुळं मांडवामागं भाड्याचा जनरेटर लावला होता. जेवणाच्या पंगतीआधी तो गचके द्यायला लागला, तेव्हा सवयीनं मी तिकडं गेलो आणि वाकून पाहू लागलो. नवरीचा मामा तिथं उभा होता. हकिगत त्याच्यापर्यंत पोचली होती. तो मोठ्यानं ओरडला, "आवो, जनरेटरपासनं लांब करा ह्याला! आईल काढून नेतंय बघा राव, वऱ्हाड अंधारात जेवंल!"

सगळा मांडव हसला. फेटा बांधलेला दादाही हसला, खाली बघून. मी वडिलांना शोधलं. ते चुलत्यांशेजारी पाहुण्यांना गंध लावत उभे होते आणि हसत होते. आधी मला वाटलं, चारचौघांत हसावं लागतं म्हणून हसतायत. मी त्यांच्या तोंडाकडं नीट पाहिलं. त्यांना खरंच हसू आलं होतं.