मास्तरांनी मांडी घातली

गाडी शिकवणारा माणूस स्वतः गाडी फारशी चालवत नाही, हे कधी तुमच्या लक्षात आलंय का? तो आपला जन्मभर शेजारच्या सीटवर. हातात स्टिअरिंग नाही, पायाखाली एक जादा ब्रेक, आणि जीव मुठीत. आपल्या या मास्तरांचा जन्म असाच गेला. पायाला तर इतकी खोड लागलेली की साध्या बसमध्ये बसले तरी फरशी दाबायचे. एकदा दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत आडवे असताना त्यांनी असा काही ब्रेक मारला की डॉक्टरच दचकून मागे सरला.

शिकवणं मात्र चोख. पहिला धडा आरशाचा. किल्लीला हात लावायच्या आधी आरसा आपल्या उंचीला लावून घ्यायचा. कुणी विसरलं की मास्तर खेकसायचे, "मागचं दिसत नाही, आणि निघाले पुढे!" शेवटचा धडा तर दुसऱ्या कुठल्याच मास्तराकडे नव्हता. समोरचा तयार झाला असं वाटलं की मास्तर चपला काढायचे, दोन्ही पाय वर घ्यायचे आणि सीटवर चक्क मांडी घालून बसायचे. म्हणजे बघून घ्या, माझा पाय ब्रेकवर नाही, आता तुम्ही आणि तुमचं नशीब. लायसन्स नंतर मिळायचं. पण लोक एकमेकांना आधी विचारायचे, "काय, मास्तरांनी मांडी घातली का?"

आणि एकदा मांडी घातली की तो माणूस गेलाच. नंतर कुठल्याशा चौकात हॉर्न वाजवणार, हात हलवणार, पुढे जाणार. मास्तरांना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. गाडी शिकलेला माणूस घरी बसावा म्हणून थोडाच शिकतो?

घरी मास्तर आणि बिट्टी, दोघंच. बिट्टी म्हणजे लेक. बिट्टी म्हणण्याइतकी ती लहान राहिली नव्हती, बापाच्या डोक्यावरून पलीकडचं बघायची. उंची आईची. आई गेली तेव्हा ती दुसरीत होती, आणि तेव्हापासून शाळा सुटली की थेट शिकवणीच्या गाडीत मागच्या सीटवर. तिथेच अभ्यास, तिथेच झोप. शिकणारे गाडी कुठेही नेऊन बंद पाडायचे, मग ही खाली उतरून रस्त्याकडेचे दगड गोळा करायची. गाडीचा समोरचा खण त्या दगडांनी भरलेला. वळणावर सगळे खुडखुडायचे आणि मास्तर करवादायचे, "अगं, ही गाडी आहे की खडीचा ट्रक!"

आता तिची बारावी झाली होती आणि तिला दगडांचाच अभ्यास करायचा होता. भूगर्भशास्त्र. लायसन्सही नुकतंच झालेलं. निवडायच्या आधी विद्यापीठं डोळ्यांनी बघायची, असं ठरलं. बिट्टीने अट घातली, "गाडी मी चालवणार. आणि तुम्ही तुमच्या ब्रेकला पाय लावायचा नाही."

"नाही लावणार."

"मग माझ्यासाठी मांडी घाला की."

"तू कच्ची आहेस अजून," मास्तर म्हणाले.

कच्ची कसली! ती त्यांच्या सगळ्या शिष्यांत सरस होती, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण मांडी काही घातली नाही.

जवळचं विद्यापीठ तासाभरावर. रोज सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येता येईल असं. मास्तर गल्लीभर सांगत फिरले होते, "मी काही मध्ये पडणार नाही, तिचं तिने ठरवावं." आणि फाटकातून आत शिरल्यापासून त्यांनी जे कौतुक सुरू केलं! काय पार्किंग, वा! काय कॅन्टीन, टेबलं कशी लखलखीत! जिने बघ किती रुंद! माणूस जिन्याचं कौतुक करायला लागला की समजावं, त्याच्या पोटात काहीतरी वेगळंच आहे.

भूगर्भशास्त्राची एकच खोली होती, तीही भूगोलाबरोबर सामाईक. कोपऱ्यात काचेचं कपाट, आत नमुने, वर धूळ. बिट्टी काचेला नाक लावून उभी राहिली. "उघडता येईल का?" तिने विचारलं. दाखवणारा मुलगा ओशाळला. किल्ली सापडत नव्हती, आणि यंदा हा विषय कुणी घेतलाही नव्हता.

"किल्ली काय, सापडेल," मास्तर म्हणाले.

दुसरं विद्यापीठ लांबचं. इतकं लांब की भल्या सकाळी निघून दुपार उलटता उलटता पोचायचं. रस्ताभर दोन्ही बाजूंना डोंगर, आणि रस्त्यासाठी कापलेल्या कड्यांमध्ये दगडांचे पट्टे उघडे पडलेले. बिट्टी मधूनच म्हणायची, "बाबा, तो बघा, तो काळा पट्टा!" आणि मास्तर म्हणायचे, "तू रस्ता बघ."

तिथे छातीवर चिकटवायला एक कागदी बिल्ला दिला. त्यावर छापलं होतं, 'पालक'. पालकांना सभागृहात बसवलं आणि मुलांना आपापल्या विभागांत नेलं. आजूबाजूला जोडपी. एकजण वसतिगृहाची माहिती ऐकतोय, दुसरी कोपराने ढोसून 'हे विचारा ना' म्हणतेय. मास्तरांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. त्यांनी तिच्यावर आपली पिशवी ठेवली, मग कुणाला बसायचं असेल म्हणून उचलली, मग कुणीच आलं नाही तेव्हा परत ठेवली. पुढे कुणीतरी सांगत होतं की मुलं पहिल्या सुट्टीपर्यंत घरी येत नाहीत, ते त्यांच्या भल्याचंच असतं. मास्तरांचा पाय सभागृहाची फरशी दाबत होता.

ते उठून बिट्टीला शोधत गेले. विभागाच्या जुन्या इमारतीत लांबच लांब टेबल होतं, त्यावर दगडच दगड, हात लावायला मोकळे. प्रोफेसरबाईंनी बिट्टीच्या हातात एक धोंडा दिला होता आणि दोघी त्याच्यावर ओणव्या होऊन वाद घालत होत्या. हो, वाद! बिट्टी, जी घरी पाहुणे आले की स्वयंपाकघरात पळायची, ती मान हलवून 'पण मग ही रेघ आडवी का?' असं विचारत होती. बाई हसत होत्या. मास्तर दारात उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. तिने वर पाहिलंच नाही.

त्यांना अभिमान वाटला, नाही असं नाही. पण त्याच्या खाली जे वाटलं ते फार मोठं होतं. हिचं इथे जमलं, आणि आपण घरी एकटे. चहाला एकच कप. संध्याकाळी दार उघडून कुणाला हाक मारायची?

निघताना गाडी बिट्टीनेच काढली. फाटकाशी आली, पहिल्या गिअरमध्ये, आणि समोर रस्त्याकडे बघतच म्हणाली, "बाबा, ठरलं. मी इथेच येणार."

गाडी धाडकन थांबली. खणातले दगड एकदम पुढे आपटले. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. बिट्टीने आधी आपल्या पायांकडे पाहिलं, मग गिअरकडे. मग तिचं लक्ष शेजारी गेलं. मास्तरांचा पाय ब्रेकवर होता, मुळापर्यंत दाबलेला.

"समोर कोण आलं होतं?" तिने विचारलं.

"मांजर," मास्तर म्हणाले.

रस्ता स्वच्छ होता. मांजर सोडा, चिटपाखरू नव्हतं. बिट्टीने गाडी परत सुरू केली आणि घरापर्यंत डोंगरांकडे एकदाही पाहिलं नाही.

दोनचार दिवसांनी जेवताना ती म्हणाली, "मी विचार केला. जवळचंच बरं."

सुंठीवाचून खोकला गेला! मास्तरांना काय करू आणि काय नको असं झालं. म्हणाले, "बघ बाई, तुझं तू ठरव, मी मध्ये पडत नाही." आणि लगेच दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलासाठी नवा दिवा घेऊन आले. गल्लीत सांगून आले. शिकवणीला आलेल्याने गाडी फुटपाथवर चढवली तरी रागावले नाहीत.

मग एका सकाळी गाडी वळणावर वळली आणि आवाज आला नाही. मास्तरांनी खण उघडला. रिकामा. इतका स्वच्छ की आतला कागदही बदललेला. घरी येऊन पाहतात तर सगळे दगड गॅलरीतल्या कुंड्यांत, मातीवर पसरलेले, शोभेला.

"अगं, हे काय?"

"उगीच खुडखुड व्हायची," बिट्टी कपडे वाळत घालता घालता म्हणाली. "तुम्हालाच त्रास."

रागाने म्हणाली असती तर परवडलं असतं. ती अगदी साध्या आवाजात म्हणाली.

त्याच आठवड्यात गाडी शिकायला येणाऱ्या एका नर्सबाईंचा शिकवणीचा शेवटचा दिवस होता. बाई रिटायर झालेल्या, हात थरथरायचा, पण शिकल्या होत्या जिद्दीने. आरसा लावून घेऊन म्हणाल्या, "मास्तर, आज मांडी ना?" मास्तरांनी चपला काढल्या, पाय वर घेतले. नर्सबाईंनी गाडी बाजारातून, शाळेवरून, गजबजलेल्या चौकातून नेऊन आणली. मास्तर मांडी घालून बसले होते आणि मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होते. या बाईंची आणि आपली ओळख ती कितीशी? हात थरथरतोय. तरी यांच्या हातात जीव दिला. आणि जिला आपण सायकलपासून शिकवलं, तिच्यासाठी पाय उचलवत नाही? गाडीचं भय असतं तर गोष्ट वेगळी. भय गाडीचं नव्हतंच.

"उतरता ना?" नर्सबाई म्हणाल्या. "आता माझ्या ह्यांनाही शिकवा बाई. घरात बसून नुसतं डोकं खातात."

मास्तर घरी आले ते सरळ गॅलरीत. कुंड्यांतले दगड उचलायला लागले. माती झटकून एकेक पिशवीत.

"बाबा, काय चाललंय?"

"तू खोटं बोललीस. जवळचं बरं म्हणे!"

"आधी तुम्ही बोललात," बिट्टी म्हणाली. "मांजर."

मास्तर खालीच बसले. "नव्हतं मांजर."

"माहितीय मला."

"मला एकटं राहायची भीती वाटते, बिट्टी. लाज वाटते सांगायला, पण वाटते. घर खायला उठेल मला."

बिट्टी त्यांच्या शेजारी फरशीवर बसली. तिचे डोळे भरले होते. "मग मी कशी जाऊ, सांगा ना?"

"जशी सगळी जातात तशी. मी इतक्या जणांना घालवलं, कुणाला अडवलं का? भीती माझी आहे, ती माझी मी बघेन. तू तुझ्या धोंड्यांचं बघ." आणि मग, रडू येतंय म्हटल्यावर माणूस जसा उगाच खेकसतो, तसे खेकसले, "आणि ते कपाट! किल्ली हरवलेल्या कपाटासमोर वर्षं काढणार होतीस? अक्कल आहे का?"

जायच्या दिवशी मागची सीट सामानाने भरली. दगड पुन्हा खणात. बिट्टीने आरसा लावला, किल्ली फिरवणार तोच शेजारी खुडबुड ऐकू आली. मास्तर चपला काढत होते. त्यांनी एक पाय वर घेतला, मग दुसरा हाताने ओढून घेतला, गुडघा कटकन वाजला, आणि ते मांडी ठोकून बसले.

"बाबा, इतक्या लांब? पाय अवघडतील!"

"तू रस्ता बघ."

डोंगर आले. बिट्टीने काळा पट्टा दाखवला आणि या वेळी मास्तरांनीही पाहिला. वाटेत चहाला थांबले तेवढंच, बाकी त्यांनी पाय खाली सोडला नाही. एका वळणावर समोरून ट्रक अंगावर आल्यासारखा आला, मांडीतल्या मांडीत त्यांचा अंगठा वळला, पण पाय तिथेच. बिट्टीने गाडी अलगद कडेला घेतली. फाटक आलं, आणि गाडी न थांबता आत गेली.

उतरायची वेळ आली तेव्हा मास्तरांना उठवेना. दोन्ही पाय बधिर. बिट्टी हसून हसून बेजार. तिने काखेत हात घालून त्यांना उभं केलं, आणि हसता हसताच बापाच्या खांद्यावर डोकं टेकलं. त्यासाठी तिला बरंच वाकावं लागलं. मग तिने खणातले दगड पिशवीत भरले, सामान नेलं, आणि वसतिगृहाच्या दारातून हात हलवला. तिथे कुणीतरी तिला हाक मारली आणि ती आत गेली.

मास्तर स्टिअरिंगसमोर बसले. कितीतरी दिवसांनी. वर पाहिलं तर आरसा बिट्टीच्या उंचीला लावलेला, त्यात त्यांना गाडीचं नुसतं छत दिसत होतं. त्यांनी आरशाला हात लावला. आणि आरसा न हलवताच हात खाली घेतला. ज्या माणसाने अख्ख्या गावाला त्यावरून फैलावर घेतलं, तो माणूस बाजूच्या आरशांवर भागवत, डोंगरांमधून, तसाच घरी आला. वळणावर खण खुडखुडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सबाईंचे यजमान शिकायला हजर. बुटके, गोल, बायकोने बळंच पाठवलेले. स्टिअरिंगला दोन्ही हातांनी घट्ट धरून म्हणाले, "हं मास्तर, सांगा. आधी काय करायचं?"

मास्तर शेजारच्या सीटवर बसले होते. नजर वर, अजून बिट्टीच्याच उंचीला असलेल्या आरशावर. यजमानांना वाटलं, ऐकू गेलं नसेल. त्यांनी पुन्हा विचारलं, "आधी काय, मास्तर?"

"आधी आरसा," मास्तर म्हणाले. "तुमच्या उंचीला लावून घ्या." आणि यजमानांनी हात वर नेला तेव्हा ते खिडकीबाहेर बघत बसले.