दत्ताचे कान शाबूत होते

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी औंढ्याला एका लग्नाची सुपारी घेत होतो. कुरुंद्याहून त्याचा भाऊ बोलत होता. "हळद शिजवता शिजवता छातीत कळ आली... दवाखान्यापत्तर न्हाई पोचला." फोन खिशात टाकून मी समोरच्या माणसाला बँडमध्ये किती वाजवणारे असतील ते सांगत राहिलो. रडू आलं नाही. मनात आधी आलं ते एवढंच, की आता सांगायचं राहूनच गेलं. या गोष्टीला दीड महिना झाला.

बँड माझ्या नावाचा, पण लोक बोलवायचे दत्ताच्या ड्रमसाठी. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो, म्हणून मला चिडवायला तो 'मालक' म्हणायचा. ड्रमच्या स्टँडवरची झांज तडकली तेव्हा आम्ही दोघं नांदेडला गेलो. जवळ होते तेवढ्या पैशांत लखलखीत पितळी झांजांचा नवा संच आला असता. दत्तानं एकेक झांज उचलली, मधल्या भोकातून दोरी ओवून अंगठ्याला टांगली, काडीनं कडेवर हलकेच टिचकी मारली आणि डोळे मिटले. सगळ्या खण्णकन वाजून जागीच गप्प व्हायच्या. मग त्यानं दुकानदाराला जुना माल काढायला लावला. त्यात एक काशाची झांज निघाली, काळीकुट्ट. तिच्या कडेवरून त्यानं गोल नख फिरवलं, कुठं चीर नाही ना ते बघितलं आणि टिचकी मारली. आवाज उघडला, पसरला, आणि रस्त्यावरच्या गोंगाटात कुठं विरला ते कळलंच नाही.

"मालक, हीच."

"तेवढ्यात चार नव्या येऊन राहिल्या की."

"चार ताटं घिऊन काय पंगत बसवायची हाय का? एकच घेऊ, पण झांज घेऊ."

"लग्नात लोकं डोळ्यानं बघतेत, दत्ता."

"अन् कान काय घरी ठुऊन येतेत?"

दुकानदारसुद्धा हसला. झांज आली, आणि दोन हंगाम आमचा बँड नुसता त्या आवाजावर चालला.

हंगामाआधी आम्ही सगळी वाद्यं चिंच आणि राख लावून घासतो, चमकली पाहिजेत म्हणून. त्या झांजेला मात्र दत्ता हात लावू द्यायचा नाही. एका बड्या लग्नात मुलीचा मामा सगळ्यांसमोर म्हणाला, "एवढा चकचकीत बँड अन् हा तवा काहून आणला?" मला ते फार लागलं. दत्ता चार दिवस सासुरवाडीला गेला होता. मी झांज वसमतला भांड्यांना पॉलिश करणाऱ्याकडे नेली. चाकावर ती एवढी तापली की फडक्यानं धरावी लागली. सोन्यासारखी चमकली. घरी आणून मी एक टिचकी मारली... आणि पुन्हा मारली नाही. चाकाच्या तापानं आवाज मेला होता. मला तिथंच कळलं.

दत्ताला सांगितलं, "चिंच लावून हातानं घासली, दुसरं काय?" तो थोडा रागावला, पण चिंचेनं आवाज जात नाही हे त्यालाही ठाऊक होतं. हट्टा गावच्या लग्नात नवरदेव निघाला, दत्तानं पहिला ठोका दिला आणि हात थांबला. कान झांजेजवळ नेऊन त्यानं पुन्हा वाजवलं. ट्रम्पेटवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "तीच तर हाय." मग त्यानं माझ्याकडे बघितलं. आणि मी हसत म्हणालो, "ईस वर्षं ड्रमपाशी बसून तुझे कान गेले लेका."

त्यानं ते खरं मानलं. माझ्यावर विश्वास होता ना. तो हंगाम त्यानं कसाबसा काढला, हात दबकत दबकत पडायचा. मग एक दिवस काड्या माझ्या हातात देऊन म्हणाला, "बराबर न्हाई वाटत आता. कान नसलेल्या माणसानं वाजवू नये." तेव्हा तरी बोलायचं होतं. मी म्हणालो, "जशी तुझी मर्जी." त्यानंतर आठ वर्षं आम्ही बाजारात भेटत राहिलो, चहा पीत राहिलो. तो वाजवण्याचा विषय काढायचा नाही, आणि मी सुटल्यासारखा श्वास घ्यायचो.

गेल्या आठवड्यात वहिनींकडे, म्हणजे दत्ताच्या बायकोकडे, जाऊन सगळं सांगितलं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून, खाली मान घालून. त्या तांदूळ निवडत होत्या. निवडायच्या थांबल्या नाहीत.

"कान चांगले होते त्यांचे," मी म्हणालो.

"मला सांगून काय भाऊजी? त्यान्ला सांगायचं होतं." तांदळातला खडा बाजूला टाकून म्हणाल्या, "सगळं बराबर ऐकू यायचं, पण इश्वास न्हाई राहिला. कुकरची शिट्टी झाली तरी विचारायचे, 'झाली का गं? का मलाच वाटलं?' रोज. मी म्हणायचे, व्हय, झाली."

त्यांनी तांदूळ धुऊन कुकर लावला. थोड्या वेळानं शिट्टी झाली. वहिनींनी मागं वळून बघितलंसुद्धा नाही. नेहमीच्या आवाजात, आतल्या रिकाम्या खोलीकडे म्हणाल्या, "व्हय, झाली."